पेजेचा हौद ते गुगल शीट: चेन्नईतल्या मदतीचा इतिहास



उत्तर चेन्नईत रॉयपुरमच्या बाजूला स्टॅन्ली नावाचं मोठं सरकारी रुग्णालय आहे. रिक्षावाल्याला 'स्टॅन्ली' म्हणालात तर तो बरोबर नेऊन सोडेल. पण त्या भागातली जुनी माणसं त्याला 'कंजी तोट्टी आस्पत्री' म्हणतात. कंजी म्हणजे आपली पेज आणि तोट्टी म्हणजे हौद. पेजेच्या हौदाचं रुग्णालय! मी या शहरात नवा होतो तेव्हा मला वाटलं, इथलं जेवण फार पातळ असेल, म्हणून लोक चेष्टेनं असं म्हणत असतील. नंतर कळलं की त्या नावात जवळपास अडीचशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आजच्या आपल्या विषयाचा पहिला धडा आहे.

आजचा विषय असा: नैसर्गिक संकट आलं की माणसं मदतीला धावतात. ही धाव कुणाची असते, हातात काय घेऊन असते आणि किती दिवस टिकते? हे प्रश्न मी चेन्नईच्या इतिहासातून मांडणार आहे, कारण हे शहर दुष्काळ, चक्रीवादळ, सुनामी आणि पूर अशा चारही परीक्षांना बसलेलं आहे. शेवटी एका केरसुणीची गोष्ट सांगेन. ती माझी स्वतःची आहे आणि तिच्यात मी काही शहाणा ठरत नाही.

आधी पेजेचा हौद. १७८० मध्ये हैदर अली कर्नाटकात उतरला. गावं जळाली, शेतं ओसाड पडली आणि त्यापाठोपाठ १७८१-८२ चा दुष्काळ आला. हजारो माणसं मद्रासच्या तटबंदीकडे चालत आली. त्या वेळी तिथल्या एका गावप्रमुखाच्या, म्हणजे तमिळमध्ये 'मणियक्कारर'च्या जागेत पेज वाटायला सुरुवात झाली. इंग्रजांच्या जिभेवर 'मणियक्कारर'चं 'मोनेगार' झालं आणि ती जागा 'मोनेगार चौल्ट्री' म्हणून ओळखली जाऊ लागली. चौल्ट्री म्हणजे छत्र, धर्मशाळा. हा शब्द आपल्याला परका नाही. तंजावरच्या मराठी राजांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रं बांधली होती; सरफोजी राजांचं ओरत्तनाडचं मुक्तांबाळ छत्र त्यांतलं प्रसिद्ध. वाटसरूला तिथे जेवण मिळे, आजारी पडला तर औषधपाणी होई.

पेज प्यायला आलेली माणसं नुसती भुकेली नव्हती, आजारीही होती. म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस छत्राला दवाखाना जोडला गेला. तोच वाढत वाढत पुढे स्टॅन्ली रुग्णालय झाला. दुष्काळ संपला, हैदर गेला, कंपनी गेली, पण दवाखाना राहिला. संकटाच्या दिवसांत सुरू झालेली मदत संकट ओसरल्यावरही टिकली, तर तिची संस्था होते. अशी उदाहरणं मात्र थोडी आहेत.

आता शंभर वर्षं पुढे येऊ. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ. मद्रास इलाखा, म्हैसूर, हैदराबाद आणि आपलं सोलापूर, विजापूर, अहमदनगर हे सगळं त्यात होरपळलं. ब्रिटिश मुलखातच पन्नास लाखांच्या वर माणसं मेली असा अंदाज आहे. सरकारने दुष्काळी कामं काढली. रस्ते, तलाव, कालवे खणा आणि मजुरी घ्या. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांना पाठवलं होतं. त्यांनी ठरवलं की प्रौढ पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा पुरेल. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहून कमी, आणि तेही दिवसभर माती उपसणाऱ्या माणसाला. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉक्टर कॉर्निश यांनी याला विरोध केला. हा शिधा अपुरा आहे, यावर काम करणारा माणूस जगणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. अखेर मद्रासमध्ये तो वाढवावा लागला.

इकडे पुण्यात सार्वजनिक सभा होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती रानडे. सभेने दुष्काळी भागातून माहिती गोळा केली आणि सरकारला लेखी कळवत राहिली. मुंबई इलाख्यात टेंपलच्या मजुरीविरुद्ध मजुरांनी कामं सोडली, तेव्हा सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. पेज वाटणं ही मदत आहेच, पण कुठे किती माणसं उपाशी आहेत याची नोंद ठेवणं आणि ती नोंद सत्तेपुढे ठेवणं हीसुद्धा मदत आहे. हा विचार आपल्याकडे तेव्हापासूनचा आहे.

त्याच दुष्काळात मद्रास शहरात एक काम झालं, ते आजही डोळ्यांसमोर आहे. अड्यार आणि कूवम या दोन नद्या जोडणारा सुमारे आठ किलोमीटरचा कालवा दुष्काळग्रस्तांच्या हातांनी खणला गेला. किनाऱ्यालगतच्या उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या कालव्यांना त्याने सांधलं. त्या वेळचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम, म्हणून नाव पडलं बकिंगहॅम कालवा. भुकेल्या माणसांनी खणलेल्या कालव्याला नाव मिळालं ड्यूकचं! आज त्यात सांडपाणी वाहतं आणि शहराच्या हद्दीत त्याच्या पात्रातच उन्नत रेल्वेचे खांब उभे आहेत. हा कालवा लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

मध्ये एका मराठी माणसाचं नाव घ्यायलाच हवं. गोपाळ कृष्ण देवधर. पुणे सेवासदनाचे एक संस्थापक आणि गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे, म्हणजे सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे, पहिल्या पिढीतले कार्यकर्ते. १९२१ मध्ये मलबारात बंड झालं. मलबार तेव्हा मद्रास इलाख्यात होता. हे संकट निसर्गाचं नव्हतं, माणसांचं होतं. पण घरदार सोडून पळालेल्या माणसाची गरज दोन्हीकडे सारखीच असते. देवधर तिकडे गेले, निर्वासितांसाठी मदतकार्य उभं केलं. छावण्या उठल्यावर बहुतेक कार्यकर्ते परत फिरतात. देवधरांनी पुढच्या पुनर्रचनेसाठी विश्वस्त निधी उभारला, शाळा काढल्या. केरळमध्ये तानूरला आजही एका सरकारी उच्च माध्यमिक शाळेला देवधरांचं नाव आहे. तिथल्या मुलांना हे देवधर पुण्याचे हे कदाचित ठाऊक नसेल. आणि पुण्यातल्या किती जणांना तानूर ठाऊक आहे?

आता येऊ २६ डिसेंबर २००४ वर. रविवार होता. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्रतळाशी भूकंप झाला आणि साधारण नऊच्या सुमारास लाटा चेन्नईच्या किनाऱ्यावर आल्या. मरीनावर फिरायला आलेली माणसं, क्रिकेट खेळणारी मुलं, मासळी विकणाऱ्या बायका. मधे अडीच तास होते, पण सूचना देणारी यंत्रणाच नव्हती. हैदराबादचं सुनामी इशारा केंद्र त्यानंतर, २००७ मध्ये उभं राहिलं. तमिळनाडूत सुमारे आठ हजार माणसं गेली, त्यांतली बहुसंख्य एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यातली.

देशभरातून मदतीचे ट्रक नागपट्टिणमकडे निघाले. त्यात सगळ्यात जास्त काय होतं? जुने कपडे. कोळी समाजातल्या बायकांनी ते घालायला नकार दिला. बरोबरच होतं. ही माणसं भिकारी नव्हती. स्वतःच्या होड्या, स्वतःची जाळी असलेले मेहनती लोक होते ते. कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला तसेच पडून राहिले आणि ते उचलायला पुन्हा वेगळी माणसं लावावी लागली. दुसरीकडे, ज्यांच्याकडे होडी नव्हती, जे किनाऱ्याजवळ शेतमजुरी करत होते किंवा मिठागरात राबत होते, त्यांतले कितीतरी दलित मदतीच्या यादीत उशिरा आले. कारण मदत द्यायला आलेल्यांच्या डोक्यात सुनामीग्रस्त म्हणजे होडी हरवलेला कोळी असं चित्र पक्कं झालेलं होतं.

यातूनच नागपट्टिणमला एक चांगली गोष्ट घडली. मच्छीमारांच्या सहकारी संघांसह काही स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या आणि त्यांनी एक समन्वय केंद्र काढलं. कुठल्या गावात कोण काम करतंय, कुठे दुप्पट सामान पोचलंय, कुठे कुणीच गेलेलं नाही, याची नोंद तिथे होऊ लागली आणि ती जिल्हा प्रशासनापर्यंत जाऊ लागली. सार्वजनिक सभेने १८७६ मध्ये जे केलं, त्याचीच ही पुढची आवृत्ती.

आणि तो कालवा? सुनामीच्या पाण्याचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की आंध्रच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी बकिंगहॅम कालव्याने आत शिरलेलं पाणी पोटात घेतलं आणि परत समुद्राकडे वळवलं. दुष्काळात माणसांनी आपल्या पोटासाठी सांधलेल्या कालव्याने सव्वाशे वर्षांनी दुसऱ्याच संकटात कुणाचा तरी जीव वाचवला.

मग आलं २०१५. चेन्नईचा पाऊस आपल्यासारखा जून-जुलैचा नसतो. तो परतीच्या, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या वर्षी एल निनो जोरात होता. नोव्हेंबरमध्ये शहरात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. जवळजवळ शंभर वर्षांत नोव्हेंबरमध्ये इतका झाला नव्हता. तळी काठोकाठ भरलेली होती. त्यावर १ डिसेंबरला तांबरमकडे चोवीस तासांत सुमारे ४९ सेंटीमीटर पाऊस कोसळला. आपल्या २६ जुलैच्या मुंबईतले ९४४ मिलिमीटर ज्यांना आठवतात त्यांना हा आकडा निम्मा वाटेल. पण मुंबईला लागून समुद्र आहे, तसा चेन्नईच्या डोक्यावर तलावांचा समुद्र आहे. चेंबरंबाक्कम तलावातून अड्यार नदीत २९,००० क्युसेकपर्यंत पाणी सोडलं गेलं आणि २ डिसेंबरच्या पहाटेपर्यंत नदी घराघरांत शिरली. पुढे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने या विसर्गावर कडक ताशेरे ओढले.

शहराचा जुना नकाशा नीट पाहिला असता तरी हे कळलं असतं.  वेळचेरीचं तळं आज थोडंसंच उरलं आहे. खरेदीसाठी देशभर प्रसिद्ध असलेलं टी. नगर १९२० च्या दशकात तळं बुजवून वसवलं. वळ्ळुवर कोट्टमही तळ्यावरच उभं आहे. पाणी आपल्या जुन्या घरी परत आलं.

विमानतळ ६ डिसेंबरपर्यंत बंद होता. 'द हिंदू' हे दैनिक २ डिसेंबरला निघालं नाही. १८७८ पासूनच्या त्याच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं, कारण छापखान्यात कामगारच पोचू शकले नाहीत. आणि या बंद पडलेल्या शहरात सगळ्यात आधी कोण पोचलं? समुद्रकिनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतले मच्छीमार. अकरा वर्षांपूर्वी ज्यांना देशाने जुने कपडे पाठवले होते, तेच आपल्या फायबरच्या होड्या गाडीवर घालून शहराच्या पोटात शिरले आणि गच्चीवर अडकलेल्या माणसांना उतरवू लागले. तीन वर्षांनी केरळच्या पुरातही हेच झालं.

त्याच वेळी दुसरीकडे लॅपटॉप घेऊन बसलेली मुलं होती. ट्विटरवर येणारी प्रत्येक हाक गुगल शीटमध्ये भरायची: नाव, पत्ता, किती माणसं, कुणी गरोदर आहे का, कुणी आजारी आहे का. कुणी नकाशावर पाण्याखालचे रस्ते रंगवत होतं. कुणी फोन करून खातरजमा करत होतं, कारण एकाच घराची हाक पन्नास वेळा पुढे गेलेली असायची आणि ती माणसं कधीच सुटलेली असायची. मशिदी, देवळं, चर्च, लग्नाची कार्यालयं उघडली होती.

आता माझी गोष्ट. मी तेव्हा कोडंबाक्कमला राहत होतो आणि आमच्या इमारतीत पाणी आलं नव्हतं. आम्ही सात-आठ जणांनी पैसे काढले, ब्रेड, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या घेतल्या आणि अड्यारकाठच्या जाफरखानपेटला गेलो. पाणी ओसरत होतं. मुख्य रस्त्याच्या तोंडाशी गाडी उभी केली आणि वाटायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. खूप समाधान वाटत होतं. फोटोही काढले, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी ब्रेडचा पुडा पुढे केला तर एका पाट्टीने, म्हणजे आजीने, तो घेतलाच नाही. म्हणाल्या, "ब्रेड पुरे झाला, तंबी. केरसुणी आहे का?"

मी त्यांच्या मागोमाग गल्लीत गेलो. तीन दिवसांत मी पहिल्यांदाच आत जात होतो. घरात पोटरीभर चिखल. काळा, वास मारणारा, त्यात गटार मिसळलेलं. गादी फुगून फाटलेली. एका पत्र्याच्या पेटीत नातवाची दहावीची गुणपत्रिका, रेशनकार्ड, सगळ्याचा लगदा झालेला. त्यांच्या मागच्या गल्लीत तर ब्रेडसुद्धा पोचला नव्हता, कारण आमच्यासारखे सगळेच गट मुख्य रस्त्यावर गाडी उभी करत होते. त्या तोंडाशी राहणाऱ्यांकडे ब्रेडचा ढीग आणि शंभर पावलं आत काहीच नाही. नागपट्टिणमच्या कपड्यांवर मी भाषणं दिली होती, मंडळी, आणि स्वतः ब्रेडचा तोच ढीग रचत होतो.

त्या संध्याकाळी आम्ही चाळीस केरसुण्या, फिनाईल, ब्लिचिंग पावडर, काड्यापेट्या, चटया आणि सॅनिटरी पॅड घेतले. पॅड आठवले ते आमच्यातल्या एका मुलीला, आम्हा पुरुषांना नाही. आणि एक वही घेतली. दुसऱ्या दिवशी आधी काहीही न वाटता गल्लीगल्लीत फिरून लिहून घेतलं. कुणाची कोणती कागदपत्रं गेली तेही लिहिलं. डिसेंबरच्या मध्यात सरकारने हरवलेली कागदपत्रं पुन्हा देण्यासाठी शिबिरं भरवली, तेव्हा ती वही उपयोगी पडली. अर्ज भरून द्यायला माणसं हवी होती. त्या कामाचा फोटो काढावा असं कुणाला वाटलं नाही, आणि आठ जणांतले आम्ही तिघेच उरलो होतो.

आणखी एक सांगायला हवं. आमच्या चाळीस केरसुण्यांनी घरं झाडली असतील, शहर नाही. शहरातला हजारो टन कचरा उपसला तो सफाई कामगारांनी. तमिळनाडूच्या इतर जिल्ह्यांतूनही त्यांना गाड्यांमध्ये घालून आणलं होतं. कितीतरी जण हातमोजे, बूट यांशिवाय त्या घाणीत उतरले. त्यांच्यातले बहुसंख्य दलित. वर्तमानपत्रांत 'चेन्नईची जिद्द' असे मथळे येत होते, त्यात स्वयंसेवक होते, हे क्वचितच होते. पुनर्वसन हा शब्द आपण फार सहज वापरतो. त्यातलं सर्वांत जड काम पगार घेऊन, म्हणजे तुटपुंजा पगार घेऊन, कुणीतरी करतं आणि त्याला स्वयंसेवा म्हणत नाहीत.

त्यानंतर काय झालं? नदीकाठच्या अनेक वस्त्या हलवल्या गेल्या. माणसांना शहराच्या दक्षिण टोकाला पेरुंबाक्कमच्या उंच इमारतींत घरं मिळाली. जवळच सेम्मंचेरी आहे, तिथे सुनामीग्रस्तांना वसवलं होतं. हा सगळा भाग पळ्ळिकरणै दलदलीच्या आसपासचा, सखल. पाऊस झाला की सेम्मंचेरीत पाणी भरतं. घरकाम करणाऱ्या बाईला तिचं काम वीस-पंचवीस किलोमीटर लांब पडलं, मुलांच्या शाळा सुटल्या. पुरापासून वाचवायला हलवलेल्या माणसांना आपण पुन्हा पाण्याच्याच जागी नेऊन ठेवलं. तिथे पोचायला ब्रेडची गाडी पुरत नाही. तिथे नगररचनेच्या आराखड्यावर हरकत नोंदवायला बसणारा स्वयंसेवक लागतो.

डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळ आलं. उत्तरेला एन्नोरच्या खाडीत पुराच्या पाण्यातून तेल पसरलं. होड्या, जाळी, कांदळवन सगळं काळं झालं. ते तेल उपसायला उतरले मच्छीमारच. मग, बादल्या घेऊन, काही जण तर उघड्या हातांनी. २०१५ मध्ये ज्यांनी शहराला गच्चीवरून उतरवलं, त्यांच्या मदतीला शहर किती वेळात गेलं, हा प्रश्न मी इथे राहणारा माणूस म्हणून स्वतःलाही विचारतो.

हे भाग ऐकणारे बरेच जण महाराष्ट्राबाहेर आहात, हे मला तुमच्या पत्रांवरून कळतं. इथल्या सावकारपेठेत सोनं-चांदी गाळणारे खानापूर-आटपाडीचे गलाईवाले आहेत. त्यांचे आजे-पणजे दुष्काळानेच घराबाहेर पडले. पानशेत, किल्लारी, २०१९ चं सांगली-कोल्हापूर, कुठल्या ना कुठल्या संकटाची आठवण प्रत्येक मराठी घरात आहे. तुम्ही जिथे असाल तिथे कधीतरी पाणी येईल, जमीन हलेल. तेव्हा धावाच. फक्त गाडीत सामान भरण्याआधी एक वही घ्या, गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत चालत जा आणि काय हवंय ते विचारा. आणि निघताना त्या वहीत महिन्याभरानंतरची एक तारीख लिहा, परत यायची.

त्या पाट्टींकडे मी पोंगलला पुन्हा गेलो होतो. भिंतीवर छातीइतक्या उंचीवर पाण्याची रेघ तशीच होती, घर मात्र लख्ख होतं. दाराशी केरसुणी टेकवलेली होती, अर्धी झिजलेली. त्यांनी मला पोंगल वाढला आणि विचारलं, "तुमच्या गावीही पूर येतो का?" मी म्हटलं, येतो. "मग तिकडे कोण जातं?" असं त्यांनी विचारलं. त्याचं उत्तर तेव्हा मला देता आलं नाही. पुढच्या भागात आपण त्याच प्रश्नापासून सुरू करू: पानशेत, १२ जुलै १९६१.